येवतमाळची फाइल

१९०५ पर्यंत यवतमाळ नावाचा जिल्हाच नव्हता. इंग्रजांच्या दफ्तरात तो ‘वूण’, म्हणजे वणी जिल्हा होता. त्या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. पुढे वऱ्हाड त्यांना बापूजी म्हणू लागला, लोकनायक म्हणू लागला. सरकार कोणावर पाळत ठेवते, आणि पाळत ठेवणाऱ्या सरकारात आपल्या माणसाने जाऊन बसावे का, या दोन प्रश्नांवर इथले राजकारण चाळीस वर्षे पेटत राहिले. बापूजींनी दोन्ही बाजू पाहिल्या.

ही पाळत गुप्तहेरांच्या कादंबरीतल्यासारखी नव्हती. ती कारकुनी होती. गावात साप्ताहिक निघाले की त्याचा अंक सरकारी भाषांतरकाराच्या टेबलावर जाई, आणि चार रकान्यांच्या जळजळीत अग्रलेखाचे इंग्रजीत चार ओळींचे सार उतरे. सभेला साध्या वेशातला पोलीस वही घेऊन बसलेला असे. त्याला सगळे ओळखत, तोही सगळ्यांना. जिल्ह्याचा कागद नागपूरला, नागपूरचा सिमल्याला. पुढे पुढे दर पंधरवड्याला अहवाल धाडायची शिस्तच पडली. कोणी पत्र धाडले तर १८९८ च्या पोस्टाच्या कायद्याने ते अडवता येई, तार केली तर १८८५ च्या तारेच्या कायद्याने.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि वऱ्हाडातही धरपकड सुरू झाली. यवतमाळच्या ‘हरिकिशोर’ पत्राचे संपादक पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. यवतमाळात ‘विद्यागृह’ नावाची राष्ट्रीय शाळा होती. ‘वंदे मातरम्’च्या प्रकरणावरून नागपूरच्या शाळेतून बाहेर पडावे लागलेला केशव हेडगेवार नावाचा मुलगा तिथे शिकायला आला, पण सरकारने ती शाळाही बंद पाडली. शाळेला इतके भ्यायचे कारण काय, असे आज वाटते. पण ज्याला फाइल भरायची असते त्याला सगळीकडे मजकूर दिसतो. तरीही दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, बापूजींनी याच गावातून साप्ताहिक काढले. नाव टिळकांनी सुचवले: ‘लोकमत’.

बाहेरच्या नजरेपेक्षा घरातल्या भांडणाने मात्र जास्त घाव घातले. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गृहखाते स्वीकारले. तांबे स्वराज्य पक्षाचे, कायदे कौन्सिलचे अध्यक्ष, आणि पक्षाचा नियम असा की सरकारी पद घ्यायचे नाही. त्यातून हाती आले ते गृहखाते, म्हणजे पोलीस आणि तुरुंग! एकच गदारोळ उठला. सडलेला अवयव कापून टाकावा लागतो, अशा भाषेत मोतीलाल नेहरूंनी सुनावले. उलट पक्षातल्याच केळकर, जयकर आणि डॉ. मुंजे यांचे म्हणणे, आत शिरून काम का करू नये? फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. बापूजी त्याच गोटातले. एप्रिलमध्ये साबरमतीला दोन्ही गटांत समेट झाला आणि काही दिवसांत मोडलाही.

याच बापूजींनी १९३० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचा राजीनामा दिला. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, पण वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मीठ काढून झाले, पण पुसदकडच्या माणसाला मिठापेक्षा गवताचा जाच ठाऊक होता. राखीव जंगलात गुरे घातली की दंड, पेंढी कापली की दंड. १० जुलैला बापूजींनी पुसदच्या राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापले. पन्नाशीला आलेला हा वकील मूठभर गवतासाठी तुरुंगात गेला. २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहारा जंगलात डॉ. हेडगेवारांनी तेच केले आणि अकोल्याच्या तुरुंगाची वाट धरली. बंद पाडलेल्या शाळेचा विद्यार्थी त्याच गावी परतून कैदी झाला होता.

पुढची कलाटणी विलक्षण आहे. १९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी पकडले गेले तेव्हा ते सरकारातच होते. वर्धा नदीपलीकडच्या चिमूरला पोलीस-लष्कराचे अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी दिल्लीला बापूजींच्याच घरी पोहोचले आणि उपोषणाला बसले. सरकारने त्यांना उचलून सेवाग्रामला परत धाडले आणि उपोषणाची बातमी छापायला बंदी घातली. ज्याच्या गावचे पत्र एके काळी सरकारी चाळणीत सापडले होते, तो माणूस आता चाळणी धरणाऱ्यांच्या पंगतीला होता. बापूजींना हे सलत नसेल असे मानणे अन्यायाचे ठरेल. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. पण भन्साळींचे उपोषण त्याआधीच संपले होते.

इंग्रज गेले, तारेचा कायदा मात्र पुढेही दशकानुदशके राहिला. अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सनच्या माणसांना विरोधकांच्या कचेरीत रात्री शिरावे लागले आणि १९७४ मध्ये निक्सनला खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडे फोन ऐकायला गृहसचिवाची सही पुरते. २०२१ मध्ये काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की २०१६-१७ साली आपला फोन ‘अमजद खान’ या बनावट नावाने ऐकला गेला. गंमत अशी की त्या काळात पटोले सत्ताधारी भाजपचेच खासदार होते! आरोपाच्या वेळी सरकार बदललेले होते, पुण्यात या प्रकरणी आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. सरकार पुन्हा बदलले, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

जुन्या पाळतीचे कागद मात्र आता कोणालाही वाचता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या कितीतरी फाइली घरबसल्या पाहायला मिळतात. आजोबा-पणजोबा तेव्हा सभांना जात असतील, तर एकदा जरूर शोधा. फक्त गावाचे नाव इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगने टाका, ‘Yeotmal’, म्हणजे येवतमाळ. ‘Yavatmal’ म्हणून शोधाल तर त्या काळातले फारसे काही हाती लागणार नाही.