अनारशावरची खसखस

दिवाळीच्या फराळात अनारशाचा मान मोठा आणि त्याची धास्ती त्याहून मोठी. तीन दिवस तांदूळ भिजवा, गूळ घालून पीठ मुरवा, आणि एवढे करून तुपात सोडल्यावर तो हसला की गृहिणीचे तोंड उतरलेच! न हसता नीट जाळी पडलेला अनारसा ताटात आला की वरची खसखस आपण दाताखाली चावतो आणि चकलीकडे वळतो. त्या दाण्याकडे कोणी निरखून पाहत नाही. मी पाहतो. मेहकरच्या कोर्टात जन्मभर वकिली केल्यामुळे जडलेली ही खोड आहे.

खसखस म्हणजे अफूचेच बी. झाडाला फूल येऊन गेले की बोंड धरते. ते हिरवे असताना त्याला चिरा दिल्या तर जो चीक पाझरतो आणि वाळून घट्ट होतो, ती अफू. तेच बोंड पिकून वाळले की आत खुळखुळते ती खसखस. दाण्यात नशा नाही. एकाच बोंडातले एक स्वयंपाकघरात येते आणि दुसरे माणसाला तुरुंगात नेते.

आमच्या जानेफळच्या घरी मात्र माझ्या लहानपणी दोन्ही एकाच फडताळात असत. आजीची एक पितळी डबी होती. तीत काळा, कडवट वासाचा एक खडा. शेतात निंदायला येणाऱ्या बाया तान्ही मुले बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगून ठेवीत आणि त्याआधी मोहरीएवढा कण त्यांच्या जिभेला लावीत. मी एकदा विचारले तेव्हा आजी म्हणाली, "लेकरू निजलं नाही त निंदण कसं होईन रे बाबू?" मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आयाही हेच करीत, तिकडे तिला बाळागोळी म्हणत. यात किती मुले झोपेतून उठलीच नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि हा खडा चोरीचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तो सरकारी परवान्याच्या दुकानातून रोख पैसे मोजून आणलेला असे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि इकडे कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला. तो काळ असा होता की सरकार स्वतःच अफूचे व्यापारी होते. गाझीपूरच्या कारखान्यात वड्या बनत आणि चीनला जात. माळव्यातली अफू जकात भरून मुंबई बंदरातून निघे. तेव्हा १८७८ चा अफूचा कायदा झाला तो अफू वाईट म्हणून नव्हे. परवान्यावाचून पेरली, बाळगली, विकली तर गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारचा महसूल बुडवला, एवढाच त्या गुन्ह्याचा अर्थ. वाण्याने दुसऱ्या वाण्याला आपल्या पेठेत बसू देऊ नये, त्यातलाच हा प्रकार!

इंग्लंडातल्या धर्मशील मंडळींना या व्यापाराची लाज वाटू लागली तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले गेले. त्याच वर्षी गांजा-भांगेसाठी दुसरे. गांजाच्या कमिशनने १,१९३ साक्षीदार तपासले. दोघांचाही निष्कर्ष एकच निघाला : बंदीची गरज नाही. पुढे १९०७ साली चीनशी करार होऊन तिकडची निर्यात उतरू लागली. १९३० साली घातक औषधींचा कायदा आला. पण दुकाने चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले की दरसाल पुरवठा कमी करत दहा वर्षांत खाण्याची अफू बंद करायची. आणि १९५९ साली ती झाली. आजीची डबी पुढे हळदीकुंकवाला लागली.

तरीही शिक्षा जुनीच, सौम्य होती. १९३० च्या कायद्यात कमाल तीन वर्षे, पुन्हा केला तर चार. किमान काहीच नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती, आणि त्यातूनच १४ नोव्हेंबर १९८५ रोजी आजचा कायदा अमलात आला : गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. नाव उच्चारताना अशिलाला धाप लागते. पोलीस ठाण्यात म्हणूनच सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. मूळ कायद्यात अफूला किमान दहा वर्षे होती, मग ती तोळाभर असो की मणभर. स्वतःपुरती थोडी बाळगली होती, हे आरोपीने सिद्ध केले तरच हलकी शिक्षा. २००१ साली वजनाप्रमाणे पायऱ्या केल्या. आज अफू २५ ग्रॅमपर्यंत 'अल्प', अडीच किलोपासून 'व्यापारी'. गांजा एक किलो आणि वीस किलो. अल्पाला एक वर्षापर्यंत, मधल्या मापाला दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी मापाला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी व एक ते दोन लाख दंड. व्यापारी मापात जामीनही दुर्मिळ, कारण आरोपी निर्दोष असावा असे आधी कोर्टालाच वाटावे लागते.

भांगेची गंमत निराळी. केंद्राच्या व्याख्येत शेंड्यावाचूनची नुसती पाने येत नाहीत, ती राज्याकडे. आणि महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांग मादक द्रव्य म्हणून आहेच. काशीला जी दुकानात मिळते ती इथे खिशात निघाली तर भानगड.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यातल्या अंढेरा शिवारात, पोलिसांनी अफूचे पीक पकडले. बातमी आली त्या दिवशी पारावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "दुकानात भेटते ते पेरलं त काय बिघडलं, वकीलसाहेब?" प्रश्न खुळा नव्हता. खसखस विकत घेणे गुन्हा नाही, मात्र पेरणे गुन्हा. अफूची लागवड हा विषय घटनेने केंद्राकडे दिला आहे, आणि परवाना मिळतो तो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. आमच्या वऱ्हाडात कोणालाही नाही. नुसत्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. शिवाय झाडे उपटून तराजूवर टाकली आणि ती 'बोंडे-भुसा' धरली, तर पन्नास किलोला व्यापारी माप भरते. हिरव्या ओल्या झाडांचे पन्नास किलो व्हायला किती वेळ लागतो! ते वजन कसे धरावे, यावर वकील भांडतात; आरोपी तोवर आत असतो.

आणि "मला ठाऊक नव्हते" म्हणून सुटावे, तर ३५ वे कलम आडवे येते. हेतू होता असे कोर्टाने धरून चालायचे. नव्हता, हे आरोपीने निःसंशय दाखवायचे. उलट जमीनमालकाने आपल्या रानात असे पीक दिसताच कळवले पाहिजे, सरपंचानेसुद्धा. जाणूनबुजून गप्प बसला तर मालकही गुन्हेगार. म्हाताऱ्याला मी हे सगळे सांगितले. तो तंबाखू मळत राहिला.

कायद्यात दोन खिडक्याही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. अंगझडती घ्यायच्या आधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा तुमचा हक्क पोलिसांनी तुम्हाला सांगायचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ठरवले. पिशवीला मात्र हा नियम नाही. आणि व्यसनी माणूस अल्प मापात सापडला व आपण होऊन उपचाराला गेला, तर ६४ (अ) कलम त्याला खटल्यातून मोकळे करते. हे कलम घरात कोणी मुलगा वाट चुकला असेल त्या आईबापांना माहीत नसते. कोर्टात मी ते फार थोड्यांना वापरताना पाहिले.

परवा दुबईहून नातवाचा फोन आला. तिकडे खसखशीवरच बंदी आहे, बी आणि चीक असा फरक ते करत नाहीत. "आजोबा, अनारसे पाठवू नका हं!" घरी बायकोने ऐकले, आणि आधीच भरलेला डबा उघडून ती अनारसे एकेक करून काढू लागली. त्यांच्या जागी शंकरपाळे भरले. काढलेले अनारसे मी दोन दिवसांत संपवले.