पट्टी सुटल्यानंतरची नोंद : मोतीबिंदू, तंजावर आणि फसलेल्या डोळ्यांचा इतिहास

मंडळाच्या मागच्या बैठकीत जुन्या वैद्यकीय कागदांचा विषय निघाला, तेव्हा मी आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली होती. ती थोडक्यात पुन्हा सांगतो, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला.

माझ्या आजीच्या आजेसासूबाई निजामाच्या राज्यातल्या एका खेड्यात राहत. म्हातारपणी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक फिरता वैद्य आला, ओसरीवर बसवून त्याने एका डोळ्याचा मोतीबिंदू सुईने ‘उतरवला’. त्याने समोर बोटं धरली आणि म्हातारीने ती बरोबर मोजली. घरात आनंदीआनंद. वैद्याला रुपया, धोतर आणि शिधा मिळाला. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेला. दोन महिन्यांत तो डोळा ठणकायला लागला, लाल झाला आणि कायमचा गेला. आजी म्हणायची, “बोटं मोजली ती सगळ्यांनी पाहिली, पुढचं कोणी पाहिलं नाही.”

आजीचं हे वाक्य म्हणजे नेत्रशस्त्रक्रियेच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे, हे मला फार उशिरा समजलं.

आधी तो वैद्य नेमकं काय करायचा ते पाहू. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं पारदर्शक भिंग गढूळ होणं. सुईने हे भिंग जागेवरून सुटं करून डोळ्याच्या मागच्या, जेलीसारख्या भागात ढकलून द्यायचं. प्रकाशाची वाट मोकळी होते आणि माणसाला त्याच क्षणी दिसू लागतं. दिसणं धूसरच, कारण भिंग जागेवर नसतं. पण हात, चेहरा, दार ओळखू येतं. उत्तरेत असे वैद्य ‘सथिया’ म्हणून ओळखले जात.

ही विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात तिचं वर्णन आहे. रोग्याला स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगायचं, रक्तवाहिन्या टाळून डोळ्याच्या बाजूने जवाच्या टोकासारख्या शलाकेने वेध घ्यायचा, बरोबर जागी वेध झाला तर बारीक आवाज येतो आणि थेंबभर पाणी बाहेर येतं, असे बारकावे त्यात आहेत. नंतर तूप लावून पट्टी बांधायची, रोग्याला उताणं झोपवायचं. शिंकणं, खोकणं, ढेकर देणं, थुंकणं वर्ज्य. सुश्रुताचं मोठेपण सांगताना आपण शलाकेवर थांबतो, याचं मला नवल वाटतं. त्याच अध्यायात वेध चुकला तर काय होतं, रक्त कधी भरतं, वेदना आणि लाली कशाने येते, शलाकेत कोणते दोष असतात, हेही सविस्तर आहे. म्हणजे शस्त्रक्रिया फसते, हे ग्रंथकाराला पक्कं ठाऊक होतं आणि ते लिहून ठेवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

पुढे ही विद्या फिरत्या हातांत गेली, तेव्हा सुई टिकली आणि पट्टीनंतरचे दहा दिवस सुटले. मागे ढकललेलं भिंग डोळ्यातच राहतं. ते कधी पुन्हा वर तरंगून येतं. कधी आतल्या पाण्याचा निचरा अडतो, दाब वाढतो आणि काचबिंदू होऊन नस मरते. सुई अस्वच्छ असेल तर डोळा आतून सुजतो, पू होतो. क्वचित एका डोळ्याच्या जखमेने दुसरा, धड डोळाही सुजून जातो. यातलं बहुतेक काही पहिल्या दिवशी दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडत होतं असं समजू नका. युरोपातही फिरते नेत्रवैद्य होतेच. जॉन टेलर नावाच्या इंग्रज वैद्याने १७५० च्या वसंतात लाइपझिगला संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा अशीच शस्त्रक्रिया केली. दृष्टी तर आली नाहीच, तब्येत ढासळली आणि २८ जुलै १७५० रोजी बाख वारले. टेलर तोवर पुढच्या गावी. ओसरीवरचा वैद्य आणि रथातून फिरणारा टेलर, दोघांचा धंदा एकाच गोष्टीवर चालत होता : पट्टी सुटल्यानंतर तिथे हजर नसणं.

याच सुमाराला फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी वेगळी वाट धरली. गढूळ भिंग मागे ढकलण्याऐवजी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला छेद देऊन ते बाहेरच काढायचं. १७५२ मध्ये पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या अकादमीपुढे त्यांनी आपला हिशोब मांडला : २०६ शस्त्रक्रिया, त्यांपैकी १८२ यशस्वी. मला यातला मोठा आकडा १८२ नाही, २४ वाटतो. न जमलेल्या चोवीस डोळ्यांसकट त्यांनी एकूण बेरीज सांगितली, म्हणून पुढच्या माणसाला तुलना करता आली.

आता तंजावरकडे वळू, कारण या हिशोबाच्या परंपरेचा एक धागा थेट मराठी दरबारात येतो.

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) म्हटलं की आपल्याला बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले, १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. सत्ता गेलेल्या राजाने आपला वेळ कशात घालवला? पुस्तकं, छापखाना, शाळा, बागा आणि औषधं. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय, अशा चारही पद्धतींचे वैद्य होते. अनुभवाला उतरलेली औषधं लिहून ठेवली जात.

याच सरस्वती महालात सरफोजींच्या काळातले नेत्ररोग्यांचे केसपेपर आहेत. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. बद्रीनाथ आणि तंजावरच्या राजघराण्याचे वंशज यांच्या भेटीतून त्यांच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. नोंदी इंग्रजीत आहेत. रोगी कोण, तक्रार काय, कोणते उपचार झाले, असं त्यात येतं; मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही त्यात आहेत.

राजाने शस्त्र स्वतः हाती धरलं, असं सांगितलं जातं. त्यावरून आपल्या लोकांत बराच उत्साह असतो, ‘जगातला पहिला नेत्रशल्यविशारद राजा’ वगैरे. मला तो वाद दुय्यम वाटतो. शस्त्र राजाच्या हातात असो की पदरच्या डॉक्टरच्या, प्रत्येक डोळ्याचा कागद झाला ही खरी बातमी आहे. कागद असला की रोगी उद्या परत येतो, परवा येतो, आणि डोळा बिघडला तर तेही लपत नाही. आमच्या आजेसासूबाईंच्या ओसरीवर हा कागद नव्हता. तंजावरात तो होता, त्यांच्या कितीतरी आधी!

सरफोजी १८३२ मध्ये गेले. पण त्यांच्या हयातीतच, १८१९ मध्ये, मद्रासला कंपनीने डोळ्यांचं स्वतंत्र रुग्णालय सुरू केलं होतं. या रुग्णालयाचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट. काचबिंदूवर डोळ्याला सूक्ष्म छिद्र पाडून दाब उतरवण्याची त्यांची शस्त्रक्रिया जगभर गेली. त्यांचं दुसरं काम आपल्या विषयाचं. सुईने ‘उतरवलेले’ आणि पुढे बिघडलेले डोळे घेऊन लोक त्यांच्याकडे येत. वेदना असह्य झालेले काही डोळे काढूनच टाकावे लागत. इलियट यांनी ते फेकले नाहीत. कापून, तपासून, भिंग कुठे जाऊन पडलं, सूज कुठून सुरू झाली, दाब का वाढला, हे एकेका डोळ्यात शोधलं आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. लोक तरीही फिरत्या वैद्याकडे का जातात, हेही त्यांनी विचारात घेतलं. उत्तर साधं होतं : तो दारी येतो, थोडक्यात काम करतो, चाकूची भीती नाही, आणि लगेच दिसतं.

चाकूची भीती खोटी नव्हती. छेद देऊन भिंग काढतानाही आतली जेली बाहेर येई, जखमेत पू होई, टाके नसल्याने रोग्याला कित्येक दिवस डोकं न हलवता पडून राहावं लागे. लिस्टरची १८६७ ची जंतुनाशक पद्धत आणि कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये दाखवलेला कोकेनच्या थेंबांचा उपयोग, यांनी पू आणि वेदना हे दोन शत्रू आटोक्यात आणले. तरी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा राहिलाच. तो आपल्यापैकी अनेकांनी आजीआजोबांच्या डोळ्यांवर पाहिला असेल.

तो चष्मा घालवण्याची सुरुवात हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये केली. युद्धात विमानाच्या काचेच्या जागी बसवलेल्या पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग रोग्याच्या डोळ्यात बसवलं. पहिल्याच रोग्याचा नंबर पार चुकला! पुढे काही भिंगं सरकली, काही डोळे सुजले, काही भिंगं काढावी लागली. समव्यावसायिकांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पण काय बिघडतं हे माहीत झाल्यामुळेच भिंगाचा आकार, वजन आणि जागा सुधारत गेली.

शेवटचं उदाहरण पुन्हा तमिळ मुलखातलं. १९७६ मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांनी मदुराईला ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सहा लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा हिशोब २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडलं, तर आतला जंतुसंसर्ग सुमारे ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर येतो, असं दिसलं. म्हणजे दहा हजारांत सात डोळे जायचे धोक्यात, ते दोनवर आले. हा फरक शंभर-दोनशे रोगी पाहून कुणालाच कळला नसता. बिघडलेला प्रत्येक डोळा मोजला, म्हणून कळला.

मंडळातल्या सभासदांना म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या बाडांत औषधांच्या कृती सापडल्या की आपण त्या हौसेने उतरवतो. त्यांच्या समासात, मागच्या पानावर, हिशोबाच्या वहीत एखादी वेगळी ओळ असेल : “गुण आला नाही”, “डोळा गेला”. ती ओळ सोडू नका. तिचाही फोटो काढा, तारखेसह उतरवा. आमच्या आजेसासूबाईंची ती ओळ कोणी लिहिली नव्हती; ती आजीच्या तोंडून माझ्यापर्यंत आली. म्हणून आज इथे लिहून ठेवली.