बार्शीचा ताप आणि विषाणूंचे दप्तर

1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे तापाची मोठी साथ आली. ताप काही दिवसांत उतरे. परंतु सांधे असे धरत, की धडधाकट माणसालाही उठणे-बसणे कठीण होई. हा चिकुनगुनिया होय. 1952-53 मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगानिका प्रदेशात, म्हणजे आजच्या टांझानियात, तो प्रथम ओळखला गेला. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वेदनेने वाकून जाणे’ असा आहे. भारतात 1963 साली कलकत्त्यास व पुढील वर्षी मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी या भागांत त्याच्या साथी आल्या. बार्शीनंतर मात्र तीन दशके त्याची मोठी साथ आली नाही. लोक त्याचे नावही विसरले.

2005 च्या अखेरीस तो पुन्हा उसळला. 2006 या एका वर्षात देशभरात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. जुनाच विषाणू परत आला होता, की हा कोणी दुसराच होता?

याचे उत्तर पुण्यात मिळाले. ज्या शहराने पेशव्यांची दप्तरे जतन केली, तेथेच विषाणूंचेही एक दप्तर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने 1952 साली तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. 1978 पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जुन्या साथींतील विषाणू येथे अतिशीत अवस्थेत राखून ठेवलेले होते. नव्या विषाणूच्या जनुकीय लेखाशी ते ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. 1963 व 1973 चे विषाणू आशियाई वंशाचे होते, तर 2006 चे आफ्रिकी वंशाचे. पुणे जिल्ह्यातील यवत येथे 2000 साली डासांतून मिळालेला विषाणूही या आफ्रिकी वंशाचाच निघाला. म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधीच हा नवा पाहुणा महाराष्ट्रात येऊन राहिला होता.

परंतु वंश कळला म्हणून गुण कळतोच असे नाही. या विषाणूचा जनुकीय लेख सुमारे 11,800 अक्षरांचा आहे. त्याच्या आज्ञेने जी प्रथिने बनतात, त्यांपैकी ‘ई-1’ हे विषाणूच्या बाह्य आवरणातील 439 अमिनो आम्लांची साखळी होय. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर 2005-06 च्या साथीत या साखळीतील 226 वी कडी बदललेली आढळली. अलानीनच्या जागी व्हॅलीन आले होते. तेथे रोग पसरविणारा मुख्य डासही नेहमीचा एडिस इजिप्ती नव्हे, तर एडिस अल्बोपिक्टस होता. भारतातील 2006 च्या विषाणूंत जुनीच कडी होती. 2007 साली केरळात मात्र नवी कडी दिसली. रबराच्या मळ्यांतील चिकाच्या वाट्यांत साचलेल्या पाण्यावर हा दुसरा डास तेथे विपुल पोसला जातो.

हा केवळ योगायोग असू शकला असता. तो तसा नाही, हे प्रयोगाने सिद्ध करावे लागले. विषाणूचा लेख आर. एन. ए. चा असून तो नाजूक असतो. म्हणून त्याची डी. एन. ए. मध्ये नक्कल करून घेतात, तीत नेमके एकच ठिकाण बदलतात आणि तीवरून पुन्हा जिवंत विषाणू घडवितात. असे दोन जुळे विषाणू, फरक केवळ त्या एका कडीचा, रक्तातून डासांना पाजले गेले. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी 2007 साली दाखवून दिले, की नव्या कडीचा विषाणू एडिस अल्बोपिक्टसच्या शरीरात कितीतरी अधिक सहजतेने रुजतो.

मग आशियाई वंशाने हीच युक्ती का साधली नाही? याचेही उत्तर 2011 साली त्याच पद्धतीने सापडले. त्या वंशाच्या ई-1 प्रथिनात 98 व्या स्थानी थ्रिओनीन असते, आणि त्याच्यामुळे 226 व्या स्थानी झालेला बदल निष्फळ ठरतो. एका कडीचे मोल असे दुसऱ्या कडीवर अवलंबून असते.

बार्शीच्या साथीतील विषाणू ज्यांनी 1973 साली जपून ठेवला, त्यांना तो असा अक्षरशः वाचता येणे शक्य नव्हते. जनुकीय लेख वाचण्याच्या सोयीस्कर पद्धती 1977 च्या सुमारास पुढे आल्या. तरीही त्यांनी नोंद ठेवली, थंडावा राखला आणि नमुना पुढच्या पिढीच्या हाती सोपविला. त्या जतनामुळेच 2006 साली नव्या विषाणूची ओळख पटली.