घड्याळ आणि पुरुषार्थ

शीघ्रपतन हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी मोकळेपणाने लिहिलेला आढळतो : रस्त्याकडेच्या भिंतीवर आणि वैद्यकाच्या ग्रंथात. भिंत सर्वांना वाचता येते, ग्रंथ कोणी उघडीत नाही. आणि ह्या दोहोंमधल्या अंधारात भोंदूंचा धंदा सुखाने चालतो. आम्हां कादंबरीकारांचा नायकही पहिल्या रात्री दिवा मालवतो, आणि तेथेच प्रकरण संपते. म्हणून ह्या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगावा असे मनात आले.

विषय नवा मुळीच नाही. वात्स्यायनाने कालावरून पुरुषांचे शीघ्र, मध्य व चिर असे तीन भेद केले, आणि लवकर आटोपणाऱ्यावर स्त्री रुष्ट होते हेही निःसंकोच नोंदले. पुढे मात्र चर्चा गेली आणि भीती राहिली. शुक्र हा सातवा धातू. तो गेला की माणूस खंगला, ही समजूत घरोघर रुजली. ह्या भीतीने आजारी पडणाऱ्यांच्या विकाराला १९६० साली डॉ. एन. एन. विग ह्यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले.

महाराष्ट्रात ही कोंडी फोडली ती रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले आणि १९५३ पर्यंत चालले. वाचकांनी लाजत विचारावे, आणि ह्या गणिताच्या प्राध्यापकाने त्रैराशिक सोडवावे तसे रोखठोक उत्तर द्यावे! १९३४ साली असल्याच उत्तरांबद्दल त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले; तरी दंड झालाच. ज्ञान सांगणाऱ्यास दंड, आणि जडीबुटी विकणारा मोकळा! भोगशक्ती वाढविणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस बंदी घालणारा कायदा १९५४ साली आला खरा. पण भिंती अजून रंगतातच.

गंमत अशी, की खरा उपाय फुकटचा निघाला. १९५६ साली अमेरिकेतील डॉ. जेम्स सीमन्स ह्यांनी सांगितले : अनावर होण्याच्या क्षणाआधी थांबावे, आवेग ओसरू द्यावा, मग पुन्हा आरंभ करावा, पत्नीच्या साहाय्याने हा सराव ठेवावा. १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन ह्यांनी दोघांनाही एकत्र बसवून करायचे उपचार मांडले. पुढे नैराश्यावरील काही औषधांनी स्खलन लांबते असे दिसल्यावर तीही डॉक्टर ह्या कामी देऊ लागले.

आणि वेळ म्हणाल, तर २००५ साली पाच देशांतील सुमारे पाचशे जोडप्यांनी घड्याळ लावून मोजली. मध्यांक भरला ५.४ मिनिटे! तासाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. पहिल्यापासून नेहमीच मिनिटभरात आटोपत असेल, आवरणे जमत नसेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर वैद्यक त्यास विकार म्हणते. पूर्वी ठीक असून मागाहून हा त्रास जडला, तर थायरॉइड, प्रोस्टेटची सूज किंवा ताठरतेची उणीव आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

पैसे जातात ते परत मिळविता येतात. परंतु नवरा लाजेने भिंतीकडे तोंड करून निजतो, आणि बायको आपलेच काही चुकले असे समजून गप्प राहते. त्यात गेलेली वर्षे परत येत नाहीत. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्या अनामिकांनी निदान विचारण्याचे धैर्य केले होते. तेवढे धैर्य घरातल्या घरात, एकमेकांपाशी करता आले, तर अर्धा उपचार तेथेच झाला असे मी समजतो.