हुनर आहे, कागद नाही: नांदेड-लातूरच्या मुलामुलींसाठी कारखान्याची आणि इंजिनिअरिंगची वाट

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक यायला लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "सर, पोराला अकरावीला लातूरला टाकावं की नांदेडलाच ठेवावं?" म्हणजे सायन्स आणि नीट घरात आधीच ठरलेलं असतं, फक्त गाव ठरायचं असतं. आम्ही नीटच्या विरोधात नाही. आपल्या समाजातून डॉक्टर झालेल्या मुलामुलींचा आम्हालाही अभिमान वाटतो. पण एकदा नंबर लागला नाही म्हणून दुसऱ्यांदा बसवायचं, मग तिसऱ्यांदा, क्लासची फी आणि रूमचं भाडं भरायला अम्मीचे दागिने मोडायचे, आणि विसाव्या वर्षी हातात बारावीची मार्कशीट तेवढी उरायची, अशी घरं दोन्ही शहरांत कमी नाहीत.

त्याच मोहल्ल्यात दुसरीकडं बघा. लेथवर, वेल्डिंगच्या दुकानात, मोटर रिवाइंडिंगला, गॅरेजात आपलीच माणसं आहेत. हुनर आहे, पण त्याचा कागद नाही. त्यामुळे पंधरा वर्षं वेल्डिंग केलेला माणूसही कारखान्याच्या गेटवर हेल्पर म्हणूनच आत जातो. तो कागद कुठं मिळतो, किती वर्षांत मिळतो आणि त्यानं काय बदलतं, ते इथं सांगतो.

कारखान्यात नेमकं काय काम असतं?

लातूरचंच उदाहरण घेऊ. मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २५० डब्यांची. पुढे वंदे भारत स्लीपरचे १,९२० डबे बनवण्याचं कंत्राट भारतीय-रशियन भागीदारीतल्या कंपनीला मिळालं आणि ते काम लातूरच्या याच कारखान्यात करायचं ठरलं.

रेल्वेचा डबा कसा बनतो ते पाहिलं की कोणाला कुठं काम आहे ते कळतं. आधी स्टेनलेस स्टीलचे पत्रे मशीनवर मापात कापतात. इथं मशीन चालवणाऱ्याला ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, नाहीतर महागडा पत्रा भंगारात. मग पत्रे वाकवायचे. खालचा सांगाडा, बाजूच्या भिंती, छत हे भाग वेगवेगळे तयार करून साच्यावर बसवायचे आणि वेल्डिंगनं जोडायचे. ही फिटर आणि वेल्डरची जागा. सांध्याच्या आतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, ती यंत्रानं शोधणारा क्वालिटीचा माणूस वेगळा. त्यानंतर वायरिंग म्हणजे इलेक्ट्रिशियन, पुढे एसी, ब्रेक, रंगकाम, शेवटी चाचणी. शिफ्टचा सुपरवायझर बहुधा डिप्लोमावाला असतो, आणि डिझाइन, नियोजन, खरेदी बघणारा डिग्रीवाला. एकाच डब्यावर आयटीआयपासून बी.टेक.पर्यंत सगळ्यांचे हात लागतात.

पण फॅक्टरी गावात आली म्हणून नोकरी घरी चालून येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथं अर्ज करणारे फक्त लातूरचे नसतात, आणि बरीच कामं कंत्राटदारामार्फत होतात. लातूरच्या डाळ मिल आणि तेल मिललाही मेंटेनन्सचा फिटर-इलेक्ट्रिशियन रोज लागतो, पण अशा जागा मोजक्या. जास्त कामं बाहेरच आहेत: छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, आणि पुण्याचं भोसरी-चाकण. बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना उभा राहतोय. घर सोडायची तयारी लागते.

नांदेडच्या जुन्या लोकांना उस्मानशाही मिल आठवते. निजामाच्या काळातली ही गिरणी बंद पडली आणि तिच्यावर जगणारी घरं उघड्यावर आली. त्यामुळे "कारखान्याचा काय भरवसा?" असं एखादे दादाजान म्हणतात तेव्हा आम्ही त्यांना खोटं पाडत नाही. एवढंच म्हणतो की एका गिरणीचं काम शिकणं वेगळं आणि ट्रेड शिकणं वेगळं. फिटरला साखर कारखाना चालतो, औषधाचा कारखाना चालतो, रेल्वेही चालते.

आत शिरायचे दरवाजे

पहिला दरवाजा आयटीआय. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. बहुतेक ट्रेडला दहावी पास लागते, पण वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडला दहावी नापास मुलालाही अर्ज करता येतो. शासकीय आयटीआयची फी एका महिन्याच्या ट्यूशनपेक्षा जास्त नसते. नंतर अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्यानुसार कंपनीला शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं. ते फार नसतं, पण शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेलाही आयटीआय चालतं. आपल्याकडं कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं.

दुसरा दरवाजा पॉलिटेक्निक. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा. आयटीआयची दोन वर्षं केलेल्या मुलाला इथं थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात, तेही सीईटी न देता. म्हणजे वेल्डर किंवा फिटर म्हणून सुरुवात केली की आयुष्यभर तिथंच अडकायचं, हा समज चुकीचा आहे. एकेक पायरी चढत बी.टेक.पर्यंत जाता येतं, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कमावताही येतं. नीटच्या रिपीटमध्ये अशी मधली पायरी नाही, आमची सगळी काळजी तिथंच आहे.

तिसरा दरवाजा फार कमी लोकांना ठाऊक आहे: चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम. केंद्र सरकारची संस्था. तिथं टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा असतो. प्लास्टिकची बादली असो की गाडीचा डॅशबोर्ड, आधी साचा बनतो, आणि साचा बनवणारे कारागीर कमी आहेत. प्रवेश परीक्षा होते, तिची जाहिरात लक्ष ठेवून बघावी लागते.

आणि डिग्री. नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान १९८१ पासून आहे. तिथं प्रॉडक्शन आणि टेक्स्टाइलसारख्या शाखाही आहेत. सगळे कॉम्प्युटरला धावतात, त्यामुळे अशा शाखांना तुलनेनं कमी गुणांत नंबर लागतो. आमचं मत असं की चांगल्या सरकारी कॉलेजातली प्रॉडक्शनची सीट ही नाव नसलेल्या खासगी कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सीटपेक्षा बरी.

जे आधीच कामावर आहेत, त्यांनाही वाट आहे. ठराविक वर्षांचा अनुभव असेल तर खाजगी उमेदवार म्हणून आयटीआयची ट्रेड परीक्षा देता येते. कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. आखातात जाणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावंच. सौदी अरेबियानं वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्य चाचणी सुरू केली आहे. हेल्पर म्हणून गेलेल्या भावाचा आणि वेल्डर म्हणून गेलेल्या भावाचा पगार घरात सगळ्यांना माहीत असतो, आम्ही वेगळं काय सांगणार.

त्रास किती?

सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार कमी असतो, शिफ्ट बदलत राहते, रात्रपाळी असते. उन्हाळ्यात शेडखाली भट्टी होते. गॉगल, हातमोजे, बूट कंपनी देते की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारायला लाजू नये. उर्दू माध्यमातल्या मुलांना सुरुवातीला इंग्रजी-मराठी शब्दांची अडचण येते, पण आमचा अनुभव असा की ती सहा महिन्यांत जाते. खरी अडचण गणिताची. अपूर्णांक, दशांश, मिलिमीटर, कोन इथं पाया कच्चा असेल तर व्हर्नियर हातात घेऊन मूल गोंधळतं. तेव्हा नववी-दहावीच्या सुट्टीत एवढं तरी पक्कं करून घ्या.

मुलींबद्दल विचारलं की बैठकीत शांतता पसरते. पण ड्रॉइंग, क्वालिटी, इलेक्ट्रॉनिक्स जुळणी, सीएनसी प्रोग्रॅमिंग या कामांना अंगातली ताकद लागत नाही, नजर आणि सबर लागतो. आयटीआय-पॉलिटेक्निकमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे.

इथंच आपली घरं चुकतात. मोमीन, कुरेशी, पिंजारी, अत्तार अशा कितीतरी जाती ओबीसीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून तो मिळत नाही. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा दादांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या अशा कितीतरी नोंदी उर्दूत आहेत. त्यांचा मराठी तर्जुमा प्रमाणित करून जोडावा लागतो आणि त्यात महिना-दोन महिने सहज जातात. मूल नववीत असतानाच दादांच्या शाळेत जाऊन ती नोंद शोधायला घ्या. दाखल्यासोबत नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न आणि डोमिसाइल हे तीन कागदही लागतील. हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा, आणि उर्दू नोंद वाचायला कुणी मिळत नसेल तर शाळेतल्या उर्दूच्या उस्तादांना दाखवा.