पाण्याबाहेर आलेला पंखा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा विजयवाड्यापर्यंत पोचते तोवर तिचं पात्र समुद्राच्या खाडीएवढं रुंद होतं. प्रकाशम बंधाऱ्याने अडवलेल्या त्या संथ पाण्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये पॉवरबोटींची फॉर्म्युला वन शर्यत झाली. कागदोपत्री तिचं ठिकाण आंध्रातली अमरावती. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून पी-वन मालिकेतल्या बोटी उधळताना पाहिल्या होत्या. अशी बोट भरवेगात असते तेव्हा काठावरून दिसतो तो मागे उडणारा पांढरा फवारा. तो कशामुळे उडतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. बोटीला ढकलणाऱ्या पंख्याचं प्रत्येक पातं दर फेऱ्यात पाण्याच्या वर येतं आणि पुन्हा पाण्यात घुसतं. जे यंत्र पाणी ढकलण्यासाठी जन्माला आलं, त्याला पाण्याबाहेर काढण्यात शंभराहून अधिक वर्षं गेली आहेत.

पंख्याचा एक पूर्वज म्हणजे तिरकं धरलेलं वल्हं. होडीच्या मागच्या टोकाला एकच वल्हं अडकवून ते डावी-उजवीकडे तिरकं हलवलं की होडी पुढे सरकते, ही युक्ती जगभरच्या बंदरांत जुनी आहे. पातं आडवं जातं, पाणी मागे जातं. पंखा हेच करतो, फक्त न थांबता. म्हैसूर जिल्ह्यात बन्नूर-तलकाडच्या पट्ट्यात कावेरीवर चालणाऱ्या तेप्प या गोल होडीची तऱ्हा थोडी वेगळी. बांबूची विणलेली टोपली, पूर्वी तिच्यावर चामडं चढवत, आता डांबर आणि प्लास्टिक. तिला पुढचं टोक नाही, मागचंही नाही. एका बाजूने वल्हं मारलं तर ती जागच्या जागी गिरकी घेते, म्हणून नावाडी वल्हं पुढे घालून पाणी स्वतःकडे ओढतो. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगिजाने टोपलीसारख्या गोल होड्यांची नोंद केली आहे, त्या याच जातीच्या. खडकाळ, उन्हाळ्यात गुडघाभर होणाऱ्या नदीत ही टोपली शतकानुशतकं टिकली, कारण तिच्या तळाखाली काहीच लोंबत नाही.

दुसरा पूर्वज आर्किमिडीजचा मळसूत्री स्क्रू, पाणी उपसायचा. तो आडवा करून बोटीला लावायची कल्पना अनेकांना सुचली. ऑस्ट्रियाच्या योझेफ रेसेलने १८२७ मध्ये पेटंट घेतलं आणि १८२९ मध्ये त्रिएस्तच्या बंदरात ‘चिवेट्टा’ नावाची बोट चालवून दाखवली. इंग्लंडात १८३६ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघांना पेटंट मिळालं. एक स्वीडनचा अभियंता जॉन एरिक्सन, दुसरा फ्रान्सिस पेटिट स्मिथ, जो पेशाने शेतकरी. स्मिथचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना स्क्रू कशावर तरी आदळला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती. ती आधीपेक्षा जोरात पळू लागली.

या कुळाच्या सगळ्या पुढच्या पिढ्या त्या अपघातात दिसतात असं मला वाटतं. वेढा जास्त म्हणजे पाण्यावर पकड जास्त, असं स्मिथने धरलं होतं. प्रत्यक्षात जास्तीचं लाकूड पाण्याशी घासून शक्ती खात होतं. त्याने स्क्रू आखूड केला आणि ‘आर्किमिडीज’ हे जहाज बांधलं. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश नौदलाने स्क्रूवाल्या ‘रॅटलर’ला चाकांच्या ‘अलेक्टो’शी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधलं. दोघांनीही इंजिनं पूर्ण चालवली, आणि रॅटलरने अलेक्टोला सुमारे अडीच नॉट वेगाने उलटं ओढत नेलं. त्यावेळी मुंबईची आगबोट बाजूच्या चाकांचीच होती. इथल्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली, ती चाकांवरच. लाटांत बोट कलली की एक चाक हवेत आणि दुसरं खोल पाण्यात, ही चाकांच्या आगबोटीची कायमची कटकट होती. पूर्ण बुडालेल्या स्क्रूने ती संपवली.

मग वेगाने नवी कटकट आणली. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली. टर्बाइन अफाट वेगाने फिरे, पण बोट वीस नॉटही गाठेना. पार्सन्सने एकामागून एक पंखे बदलले, फरक पडला नाही. दोष पाण्यात होता. पातं फार वेगाने फिरलं की त्याच्या पाठीमागच्या बाजूचा दाब इतका घसरतो की नेहमीच्या तापमानालाच पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. पंख्याला पाण्याऐवजी फेस मिळतो. हे बुडबुडे पात्यावर फुटताना धातूसुद्धा कुरतडतात. पार्सन्सने छोट्या टाकीत, हवेचा दाब कमी करून, लखलखत्या प्रकाशात हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे, असा नऊ पंख्यांचा तोडगा काढला. जून १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी आरमारी पाहणीत टर्बिनिया चौतीस नॉटच्या आसपास धावली आणि तिला अडवायला पाठवलेली गस्ती बोट मागे पडली.

पार्सन्सने काम वाटून दिलं. कॅनडात जन्मलेल्या अल्बर्ट हिकमनने १९१० च्या दशकात उलटी वाट धरली. त्याच्या ‘सी स्लेड’ बोटीचा तळ उलट्या ‘व्ही’सारखा होता आणि पंखे मागच्या फळीशी अर्धे पाण्याबाहेर. पातं वरून आत घुसताना आपल्या पाठीवर हवेची पोकळी घेऊन येतं. जिथे वाफेचा बुडबुडा होऊन फुटला असता तिथे साधी हवा असते, त्यामुळे धातू शाबूत राहतो. शिवाय दांडा, त्याचा आधार, मधला गोळा हे सगळं पाण्यातून वर निघतं. भरवेगात याच लोंबत्या लोखंडाने बोटीची बरीच ताकद खाल्लेली असते. हिकमनच्या हयातीत धंद्याने त्याला साथ दिली नाही, पण शर्यतवाल्यांनी त्याची कल्पना सोडली नाही.

मधल्या काळात इंजिनच बोटीच्या मागच्या फळीवर आलं. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेली आउटबोर्ड मोटर त्यात सर्वांत यशस्वी ठरली. तळ्यापलीकडून प्रेयसीसाठी आइसक्रीम आणताना ते वितळलं म्हणून त्याला मोटरची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो नसो, खपाला उपयोगी पडली असणार. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने जिम विन याच्या कल्पनेवर ‘ॲक्वामॅटिक’ काढलं, इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर. पुढे कॅलिफोर्नियाच्या हॉवर्ड आर्नेसनने, ज्याचं आधीचं नाव पोहण्याचा तलाव साफ करणाऱ्या यंत्रामुळे झालं होतं, दांडा सरळ मागे काढून गोल सांध्यावर वर-खाली, डावी-उजवीकडे फिरता केला. हिकमनचा अर्धा बुडालेला पंखा आता चालवणाऱ्याला चालू बोटीत वरखाली करता येऊ लागला.

आज ‘ट्यूनिंग’ म्हणतात त्यातलं बरंचसं काम म्हणजे हा वरखालीपणा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. एका फेऱ्यात तो घट्ट पदार्थातून जाता तर जितके इंच पुढे गेला असता, ते पिच. समजा इंजिन मिनिटाला ६००० फेरे, गिअर दोनास एक, पिच २४ इंच. हिशेबाने ताशी सुमारे ११० किलोमीटर यायला हवेत. जीपीएसने ९८ दाखवले तर जवळपास अकरा टक्के पाणी निसटतं आहे. पिच एक इंचाने वाढवला की इंजिनाचे दीडशे-दोनशे फेरे कमी होतात. म्हणून आधी भरवेगातले फेरे पाहतात. इंजिन ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढत नसेल तर पंखा जड आहे, मर्यादा ओलांडत असेल तर हलका. मग मोटर एकेक इंच उचलतात. दर इंचाला वेग वाढतो, आणि एका उंचीला अचानक इंजिन किंचाळतं, बोट मात्र ढिली पडते, कारण पंख्याने पाण्यापेक्षा हवा जास्त ओढलेली असते. इथे पात्याच्या मागच्या कडेला दिलेला छोटा वळसा, ‘कप’, पाणी धरून ठेवतो आणि आणखी थोडं उचलता येतं. इंजिन गार ठेवणारं पाणी आत घेण्याचं तोंड उघडं पडलं तर इंजिन भाजतं, म्हणून पाण्याच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवावी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सगळे सांगतात आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सगळे मोडतात.

अर्ध्या बुडालेल्या पंख्याची किंमतही चुकती करावी लागते. खालचं पातं पाण्यात आणि वरचं हवेत असल्यामुळे तो बोटीची शेपूट एका बाजूला ढकलतो. म्हणून दोन इंजिनांच्या बोटीत पंखे उलटसुलट फिरतात. कमी वेगात तो पूर्ण बुडतो आणि इंजिनावर ओझं होतं. बोट पाण्यावर उठेपर्यंतची ती काही सेकंदं सर्वांत अवघड. आणि चाचणीला मोकळं पाणी लागतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. बारापेक्षा जास्त माणसं गेली. ही बोट शर्यतीची नव्हती, पण गेटवे ते घारापुरी हे पाणी वेग अजमावण्याजोगं नाही, हे त्या दुपारी सगळ्यांना दिसलं.

ससून डॉकच्या ट्रॉलरला या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही. त्याचं काम जाळं ओढण्याचं, तेही संथ गतीने. त्याचा पंखा मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, सावकाश फिरणारा आणि खोल बुडालेला असतो. अर्धा पंखा बाहेर काढला तर जाळं जागचं हलणार नाही. त्याचं ट्यूनिंग वेगळं आहे. पंख्याला नायलॉनचं जाळं गुंडाळलं की कुणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरायचं, आणि वाकलेली पाती किनाऱ्यावर नेऊन ठोकून सरळ करायची.