विद्यार्थी-कलावंतांची पारितोषिके, वऱ्हाड

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चित्र, शिल्प, रांगोळी, छायाचित्र, संगीत, नृत्य व नाट्य या कलांसाठी मिळणारी पारितोषिके. यांतली मानाची पारितोषिके संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. २००५ साली त्याला गाडगेबाबांचे नाव देण्यात आले.

राज्यात शासनाच्या कलाशिक्षण संस्था मोजक्याच: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या. वऱ्हाडात एकही नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) मेयो पदकासाठी झटणारा विद्यार्थी रोज ईझलसमोर उभा असतो. वऱ्हाडच्या युवा महोत्सवात बक्षीस घेणारा मुलगा मात्र बरेचदा बी.ए. किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. चित्रकलेशी त्याचा रीतसर संबंध शाळेतल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांपुरता. पदवी हाती पडली की स्पर्धेचे दार बहुतेकांना बंदच होते, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या स्पर्धकांची चुरस वेगळीच असते.

स्पर्धांचे नियम भारतीय विद्यापीठ संघाच्या (मूळ संस्था १९२५) युवा महोत्सवावरून घेतलेले आहेत. ललित कला विभागात स्थळचित्र, कोलाज, पोस्टर, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, छायाचित्रण आणि मांडणशिल्प हे प्रकार येतात. वेळ साधारण अडीच तास, कागद २२ × १५ इंच आणि विषय जागेवर जाहीर होणार. घरून घोटून आणलेल्या चित्राला इथे वाव नाही. छायाचित्रणात कॅमेऱ्यातले कार्ड परीक्षकांसमोर कोरे करून घेतात आणि दिलेल्या विषयावरचीच पाच छायाचित्रे मागतात. संगणकावरचे संस्कार चालत नाहीत. मातीकामाची माती यजमान पुरवतो. वऱ्हाडची काळी कपाशीची माती या कामाला उपयोगाची नाही. ती वाळताना भेगाळते. नाक-डोळे नीट उमटले तरी सुकता सुकता गालाला चीर पडायची.

विद्यापीठाच्या फेरीतून निवडलेले विद्यार्थी पुढे पश्चिम विभागीय महोत्सवात आणि ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात (२००३ पासून) उतरतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे (१९६९) विद्यार्थी एरवी वेगळ्या विद्यापीठाचे. अमरावतीच्या मुलांशी त्यांची गाठ ‘इंद्रधनुष्य’मध्ये पडते. गाणे-नाटकाच्या संघांना गावात नाव मिळते, पेपरात फोटो येतो. चित्रवाल्याचे काम एकट्याचे, त्याला टाळ्याही बेताच्याच.

पारितोषिक म्हणजे प्रमाणपत्र, पदक किंवा स्मृतिचिन्ह. सांघिक ढाल महाविद्यालयाची, तिची जागा प्राचार्यांच्या दालनातले काचेचे कपाट. कलाकृतीचे पुढे काय, याचे उत्तर सोपे आहे: रांगोळी संध्याकाळी झाडली जाते, मातीचा पुतळा बसच्या प्रवासात टिकत नाही. बक्षीस माणसाला मिळते, कामाला नाही.

अमेरिकेतील काही महाविद्यालयांची ग्रंथालये याच्या नेमके उलट करतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या कलाविद्यार्थ्याचे एखादे काम निवडून ग्रंथालय ते विकत घेते. पुरस्काराची रक्कम हीच त्या कामाची किंमत. चित्र वाचनकक्षाच्या भिंतीवर लागते आणि संग्रहाच्या यादीत कलावंताच्या नावासह नोंदले जाते. वऱ्हाडातल्या महाविद्यालयांना हे करायला मोठा निधी लागतो असे नाही. लागते ती भिंत आणि नोंदवहीतली एक ओळ.

आपल्याकडे या प्रथेच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिकांक. त्याचे मुखपृष्ठ, आतली रेखाटने, व्यंगचित्रे आणि छायाचित्रे विद्यार्थ्यांकडून करून घेण्याची पद्धत जुनी आहे, आणि विद्यापीठ वार्षिकांकांची स्पर्धाही घेते. बक्षीस अंकाला आणि संपादक मंडळाला जाते. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ :’ या शब्दापुढे बारीक टायपात. तरीही चित्र टिकते ते इथेच. ग्रंथपाल काही वर्षांचे अंक एकत्र बांधून ठेवतात, आणि माजी विद्यार्थी आला तर तोच गठ्ठा खाली काढला जातो. बांधणी करताना मुखपृष्ठ फाडून टाकण्याची खोड काही बाईंडरांना असते, तेवढी सांभाळावी लागते.

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक (१९९४) या संस्थेच्या मूल्यांकनामुळे एक बदल झाला. विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक पारितोषिकांची संख्या त्यात दाखवावी लागते, म्हणून प्रमाणपत्राची झेरॉक्स आता न चुकता फायलीला लागते. ज्या चित्राला ते प्रमाणपत्र मिळाले त्याचा साधा मोबाइल-फोटोही त्या फायलीत लावायला हरकत नसते, पण तसे कोणी मागत नाही.